दहा नंबरची कोरी जर्सी

कोण किती पळालं हे आमच्या क्लबात दोघांना बरोबर कळायचं. कोचला व्हिडिओवरून आणि जिजाताईला बादलीतल्या पाण्यावरून. कोचला त्यासाठी चार कॅमेरे लागायचे.

घाटमाथा फुटबॉल क्लब हे नाव मुंबईच्या एका बिल्डरने दिलेलं. घाटमाथ्याशी त्याचा संबंध एवढाच, की तिथे त्याचे बंगले विकायचे राहिले होते. सराव लोधिवलीच्या अलीकडे, जुन्या हायवेपासून आत. तिथे मैदान, खेळाडूंची राहायची इमारत, कँटीन आणि कँटीनच्या मागे पत्र्याची धुण्याची खोली. त्या खोलीत जिजाताई.

मी मनोज, राहणारा खालापूरचा. ऐरोलीच्या कॉल सेंटरमध्ये चार वर्षं इंग्लंडमधल्या लोकांच्या शिव्या खाल्ल्या. कुणाचा गॅस बंद, कुणाचा मीटर चुकीचा, आणि दोष फोन उचलणाऱ्याचा. त्या बदल्यात त्यांचं इंग्रजी मात्र कानात बसलं. त्या जोरावर क्लबात नोकरी मिळाली. परदेशी खेळाडूंना काय हवं-नको बघायचं आणि इकडचं बोलणं तिकडे सांगायचं. कार्डावर हुद्दा मोठा होता. जिजाताई मला सरळ ‘सायबाचा माणूस’ म्हणायची, आणि ते काही कौतुक नव्हतं.

जिजाताई ठाकर. माहेर ठाकुरवाडी स्टेशनच्या वरच्या अंगाला, दहा-बारा घरांची वाडी. एकोणिसाव्या वर्षी धोंडीशी लग्न झालं. धोंडीला लोधिवलीत एका फार्महाऊसवर राखणदारी मिळाली आणि दोघं खाली सपाटीला आली. खाली म्हणजे किती, तर सकाळी निघालं तर दुपारच्या आत पोचतील एवढंच. पण तिला तो परमुलुखच होता. वाडीची बोली वेगळी. नळावर ही तोंड उघडायची आणि बाया एकमेकींकडे बघून हसायच्या. ती काय म्हणते ते त्यांना कळायचं. न कळल्याचं सोंग करण्यात त्यांना मजा वाटायची.

“मंग काय केलंस?” मी एकदा विचारलं.

“गप बसले,” ती म्हणाली. “दोन महिनं. नुसतं आयकत व्हते. कोन कसं बोलतं, कंच्या शब्दावर जोर देतं. मंग येक दिवस नळावर भांडान झालं. मी तवा त्यांच्याच बोलीत अशी भांडले, का परत कोन हसली नाय.”

वाडीवर गेली की ती अजूनही वाडीचंच बोलते. कुणी तिला त्याबद्दल शाबासकी दिलेली नाही, आणि यात शाबासकीसारखं काही आहे असं तिला वाटतही नाही. नांदायला आलं की शिकायचं, एवढंच तिला माहीत.

फार्महाऊसवाल्या मुंबईच्या बाईकडे कपडे धुता धुता ती कापड शिकली. कशाला गरम पाणी, कशाला गार, काय उन्हात, काय सावलीत. क्लब निघाला तेव्हा तिथे लागली. दोन मशीन होती, पण सरावाच्या जर्सी पांढऱ्या आणि मैदानाच्या कडेची माती तांबडी. मशीनमध्ये टाकण्याआधी प्रत्येक जर्सी बादलीत भिजवून ब्रशने घासावी लागायची. त्यामुळे पंचवीस खेळाडूंच्या पंचवीस जर्सी रोज तिच्या हाताखालून जायच्या. सुनीलच्या कोपराला माती असायची, कारण तो कडेने पळताना पडायचा आणि उठायचा. सुनील कर्जतचाच, आमच्या डाव्या बाजूचा खेळाडू. गोलकीपरच्या छातीवर गवताचे हिरवे पट्टे. क्वामेची जर्सी तर नुसती चिखल. क्वामे घानाचा, डिफेंडर, दारात मावणार नाही एवढा माणूस.

हा क्वामे आपले कपडे स्वतः आणून द्यायचा. बाकीचे पोतडीत टाकून मोकळे व्हायचे. आला की एक शब्द विचारायचा. पाण्याला काय म्हणतात, मागे कुणी आहे याला काय म्हणतात. ताई सांगायची, तो वहीत लिहून घोकत जायचा. एक दिवस सरावात तो मिझोरमच्या पोरावर ओरडला, “मागं रं, मागं!” सगळं मैदान हसलं. पण मिझो पोराने मागे बघितलं आणि बॉल वाचवला.

कोच इनाकी स्पेनचा. पन्नाशीचा, बारीक, बूट स्वतः पुसणारा. त्याने हे टिपलं. आमच्या संघात मिझो, बंगाली, गोव्याचे, रायगडचे, केरळचे, वर परदेशी पाच. घाईत प्रत्येक जण आपल्या भाषेत ओरडायचा आणि दुसऱ्याला कळायचं नाही. कोचने क्वामेची वही मागवली, आठ शब्द निवडले आणि कँटीनच्या भिंतीवर इंग्रजी अक्षरांत लावले. मागं. सोड. थांब. पलटी. फुडं. आत. भाईर. माझा. मैदानावर हेच आठ शब्द चालणार, असा नियम. स्पेनच्या माणसाने ठरवलेले, घानाच्या माणसाने गोळा केलेले, ठाकरणीचे शब्द. आठवडाभरात सगळ्यांना आले.

एकाला सोडून.

क्रेग थॉर्नबी सप्टेंबरात आला. खालापूरच्या टोलनाक्याअलीकडे त्याचं होर्डिंग महिनाभर आधीपासून होतं, हाताची घडी घालून उभा. वय एकतीस. इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये दोन वर्षं, मग तिच्या खालच्या, मग आणखी खालच्या. मधे सहा महिने पोर्तुगालात आणि चार महिने तुर्कस्तानात खेळून आलेला. दोन्हीकडून मुदतीआधी परत. दोष अर्थातच त्या त्या देशांचा.

विमानतळावरून येताना गाडीत त्याने मला पोर्तुगालची हकिगत सांगितली. “ड्रेसिंग रूममध्ये सगळे आपापसात पोर्तुगीज बोलायचे,” तो म्हणाला. “माणसाला किती एकटं वाटेल.”

पोर्तुगालमधले पोर्तुगीज लोक पोर्तुगीज बोलतात, ही तक्रार तो चार वर्षांनंतरही तितक्याच दुःखाने करत होता. मी मान डोलावली. मला पगार मान डोलवण्याचाच होता.

त्याच्या सहा बॅगांपैकी एकीत नुसते डबे निघाले. टोमॅटोच्या रसातल्या घेवड्याचे डबे, आणि चहाच्या पिशव्या. चहा पिकवणाऱ्या देशात तो चहा घेऊन आला. आपल्या चहाला तो सूप म्हणायचा, आणि दर वेळी आपण हे पहिल्यांदाच म्हणतोय अशा थाटात हसायचा.

इमारतीत तो राहिला नाही. मालकाच्या एका न विकलेल्या बंगल्यात त्याची सोय झाली, खालापूरच्या पुढे, कुंपणाच्या आत. तिथे इंग्लंडचे चॅनेल लावून दिले. तो सरावाला यायचा, सराव संपला की गाडीत बसून जायचा. तिथे बसून इंग्लंडमधल्या मित्रांशी बोलायचा आणि इंग्लंडमधल्या मॅच बघायचा. चार महिन्यांत जवळच्या चौक गावच्या बाजारात तो एकदाही उतरला नाही. मी म्हणालो, चला, इथला गड दाखवतो. तो म्हणाला, “काचेतून दिसतोय की.”

नावं त्याला लागायची नाहीत. सुनील हा ‘सनी’. मिझो पोरं दोघं, दोघांनाही ‘सनी’. मी ‘मॅनी’. चार महिने मी मॅनी म्हटल्यावर वळून बघत होतो, हेही इथे सांगून टाकतो. तिरस्कार वाटायचाच तर सगळ्यांचा सारखा वाटू द्यावा.

मैदानावर तो मधोमध उभा राहायचा, दोन्ही हात बाजूला पसरून, तळवे वर. म्हणजे बॉल माझ्या पायात आणून द्या. बॉल आला की खरंच चांगलं मारायचा, यात खोटं नाही. पाय होता त्याला. पण बॉल आणून देणार कोण, आणि तो हिसकावून घ्यायला धावणार कोण, हा विचार त्याच्या डोक्यात कुणी घातलाच नव्हता. कोच ओरडायचा, समोरच्याला दाबा, धावा. क्रेग कमरेवर हात ठेवून सूर्याकडे बघायचा, जणू सूर्याचीही कुठेतरी तक्रार करता येईल.

आठ शब्दांचा कागद त्याने वाचला आणि मला म्हणाला, “मॅनी, फुटबॉल आम्ही शोधला. त्यांना सांग इंग्रजी शिका.”

मी संघाला सांगितलं, “क्रेग म्हणतोय, प्रयत्न करीन.”

हे माझं काम होतं. तो म्हणायचा, या पोरांना साधा पास देता येत नाही. मी सांगायचो, तो म्हणतोय पास जरा जोरात द्या. पोरं काही म्हणायची ते मी त्याच्याकडे जाताना असंच धुऊन पुसून न्यायचो. कॉल सेंटरची सवय. दोन्हीकडची माणसं माझ्यामुळे एकमेकांना बरी समजत होती.

चौथ्या मॅचला त्याचं फळ मिळालं. मॅच पनवेलपलीकडच्या स्टेडियममध्ये, बरोबरी चाललेली, शेवटची दहा मिनिटं. क्रेगला बॉल मिळाला, पाठ गोलकडे. मागून त्यांचा मोठा डिफेंडर धावत आला. सुनील ओरडला, “मागं! मागं!” क्वामे तिकडून ओरडला, “मागं!” आमचे दहाच्या दहा ओरडले. क्रेग शांतपणे बॉलवर पाय ठेवून उभा. डिफेंडरने बॉल काढून नेला, आणि तीन पासांत गोल झाला. क्रेग जमिनीवर बसून रेफरीकडे बघून हात हलवत होता. मग सुनीलकडे वळून त्याने विचारलं, “सनी, तू सांगितलं का नाहीस?”

सुनीलने माझ्याकडे बघितलं. मी बुटाच्या लेसकडे बघितलं.

परत येताना बसमध्ये मी कोचच्या शेजारी बसलो आणि विचारलं, यांचं असं का होतं. इनाकीचं इंग्रजी तुटकं, पण त्याला ते वापरायची लाज नव्हती.

“सात देशांत काम केलं,” तो म्हणाला. “सगळीकडे एक तरी इंग्लिश खेळाडू भेटला. पोरगा वाईट नसतो. पण बघ, जगातले चांगले खेळाडू त्याच्याच गावात खेळायला येतात. ब्राझीलचा येतो, माझ्या देशाचा येतो. त्याची भाषा शिकून येतात, त्याचा पाऊस सोसतात. तो हे लहानपणापासून बघतो. मग त्याला वाटतं शिकायचं काम नेहमी दुसऱ्याचं. आणि घरीच इतकं मिळतं की बाहेर पडायची गरज नाही. बाहेर पडतो तो बहुतेक घरी कुणाला नकोसा झाल्यावर. तोपर्यंत तिशी आलेली असते, शिकायची सवय गेलेली असते.”

“सगळेच असे?”

“नाही. एक होता माझ्याकडे, बिल्बाओजवळ. एका वर्षात आमची भाषा शिकला. माझ्या आईबरोबर बसून मासे साफ करायचा. तो पाच वर्षं राहिला.” मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, “आपल्या क्रेगला मासा म्हणजे पिठात बुडवून तळलेलं काहीतरी, आत मासा आहे हे दिसता कामा नये.”

नोव्हेंबरात क्रेगच्या मानेवर पुरळ आलं. डॉक्टरने बघून सांगितलं, घाम आणि सेंट, सेंट कमी मारा. क्रेगला हे पटलं नाही. त्याच्या मते दोष धुण्याच्या पाण्याचा. आमच्या मॅनेजर रुचिता मॅडम लगेच कामाला लागल्या. रुचिता मॅडम मुंबईच्या. क्रेगला क्लबात आणण्यात त्यांचा मोठा हात, त्यामुळे तो बिघडला तर बिघडवणारं कुणीतरी दुसरं सापडणं त्यांना गरजेचं होतं. हुकूम निघाला, की क्रेगचे, म्हणजे दहा नंबरचे कपडे वेगळे धुवायचे, आणि तेही प्यायच्या फिल्टरच्या पाण्यात. वीस लिटरचे चार जार रोज.

जार उचलून धुण्याच्या खोलीत न्यायचं काम माझं. ताई ब्रश बाजूला ठेवून जारांकडे बघत राहिली.

“ह्ये काय?”

मी सांगितलं.

“कपड्यांना पाजायचं?” तिने विचारलं.

“मॅडमचा हुकूम हाय, ताय.”

“आमच्या वाडीवर येप्रिलात बाया हांड्यासाठी डोंगर उतरतात,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. भाजी किडकी निघाली की जसं बघतात तसं ती माझ्याकडे बघत होती. “ठेव तिकडं. आन जा.”

मी ठेवले आणि गेलो. रोज ठेवत होतो आणि जात होतो. दहा-बारा दिवसांनी क्रेग सरावाला आला तो मान दाखवत. पुरळ गेलं होतं. थंडी पडली होती, घाम कमी झाला होता. पण क्रेग म्हणाला, “बघितलंस? पाणी. मी म्हटलं होतं ना.” रुचिता मॅडमनी त्याच्या मानेचा फोटो मालकाला पाठवला.

त्याच दिवशी मी मैदानाच्या कडेने जात होतो. गवत खुरपायला येणाऱ्या सहा बाया झाडाखाली भाकरी खात बसल्या होत्या. मधे फिल्टरचा जार. त्यातल्या मोतीबाईने मला बघून पेला पुढे केला. या बायांना आत्तापर्यंत मैदान भिजवायच्या पंपाचं पाणी प्यावं लागायचं, हे मला माहीत होतं. क्लबात सगळ्यांना माहीत होतं. मी पाणी प्यालो आणि कुणाला काही बोललो नाही. त्या तीन महिन्यांत मी केलेलं हे एकमेव बरं काम.

डिसेंबरच्या मध्यावर मालक आले. नऊ मॅच झाल्या होत्या, संघ खालून दुसरा, आणि क्रेगचा एक गोल, तोही पेनल्टीवर. कँटीनमध्ये दोन टेबलं जोडून बैठक भरली. मालक, रुचिता मॅडम, कोच, क्रेग, मी, आणि मुंबईहून आणलेला एक सल्लागार. सल्लागाराने लॅपटॉप उघडून भिंतीवर आलेख लावले. बरोबर आठ शब्दांच्या कागदावर. आलेखांत सगळं होतं. हवेतला दमटपणा, झोपेचे तास, मैदानाचा कडकपणा, कँटीनमधलं तिखट. प्रत्येक आलेखाला क्रेग मान डोलवत होता. त्याच्या अपयशाची इतकी कारणं एका जागी त्याने कधी बघितली नसावीत.

शेवटच्या पानावर एक यशाची नोंद होती. खेळाडूचे कपडे शुद्ध पाण्यात धुतल्याने त्वचेचा त्रास थांबला, तरी ही पद्धत सगळ्या परदेशी खेळाडूंना लागू करावी. रुचिता मॅडम खूश झाल्या. “आपली धोबीणच सांगेल,” त्या म्हणाल्या, आणि मला पाठवून त्यांनी जिजाताईला बोलावलं.

ताई ओले हात पदराला पुसत आली. दारात चपला काढल्या. कँटीनमध्ये इतर कुणी चपला काढत नाही.

“जिजाबाई, सरांना सांगा,” मॅडम म्हणाल्या. “पाणी बदलल्यापासून दहा नंबरचा त्रास थांबला की नाही?”

“पानी बदाललंच नाय,” ताई म्हणाली.

मॅडम हसल्या. त्यांना वाटलं हिला प्रश्न कळला नाही. “म्हणजे ते जार, फिल्टरचे.”

“कळलं मला. ते गवताच्या बाया पितात. कपडं समद्यांचं येकाच पान्यात धुते. बोरच्या.”

सल्लागाराने हळूच पान पुढे ढकललं, पण पुढे पान नव्हतं. मॅडमचा चेहरा उतरला. “तुम्ही महिनाभर खोटं बोललात?”

“मला कोनी इचारलंच नाय. आज इचारलं, आज सांगितलं.”

मालक इतका वेळ फोनमध्ये होते. त्यांनी फोन उलटा ठेवला. त्यांना गंमत वाटली असावी. “बरं मावशी,” ते म्हणाले, “पाण्याचा दोष नाही म्हणता. मग हा माणूस खेळत का नाही, तेही सांगा.”

“मला बॉल कळत नाय,” ती म्हणाली. “कपडं कळतात. सुनीलचं कोपार धुवायला मला धा मिंटं लागतात. त्या काळ्या दादाची जर्सी तीन पान्यांतनं काढावी लागती. ह्येची नुसती झटाकली तरी चालंल. कोरी येती. वास तेवढा येतो, शेंटाचा.”

क्रेगने माझ्याकडे बघितलं. “मॅनी, ती काय म्हणते?”

माझ्या तोंडात नेहमीचं उत्तर तयार होतं. ती म्हणते तुमचे कपडे फार स्वच्छ असतात. खोटंही झालं नसतं. पण ताई माझ्याकडे बघत होती, आणि म्हणाली, “जसं हाय तसं सांग रं. धुऊ नको.”

मी जसं होतं तसं सांगितलं. जारांचंही, जर्सीचंही.

क्रेग लाल झाला. “मी कुठे कुठे खेळलोय हे तिला माहीत आहे का?” तो म्हणाला. “ती कपडे धुते.”

मी हेही सांगितलं.

ताईने मान हलवली, जणू हिशेबात बसणारीच गोष्ट ऐकली. “धुते खरी,” ती म्हणाली. “तीन महिनं ह्येची धुते. त्याला इचार, माझं नाव काय.”

मी विचारलं. क्रेगने तिच्याकडे बघितलं, बहुधा पहिल्यांदाच. मग मॅडमकडे, मग माझ्याकडे. मॅडमनी पाच मिनिटांपूर्वी तिला नावाने हाक मारली होती, त्याच टेबलावर, त्याच्या समोर. तो ऐकत नव्हता. ऐकायची त्याला गरजच पडली नव्हती.

“आन तुजं?” ताईने मला विचारलं. “तुजं तरी म्हाईत हाय का त्याला?”

हे मी त्याला विचारलं नाही. तेवढी हिंमत त्या दिवशी नव्हती.

“मालक,” ताई म्हणाली, “ह्यो नांदायला आलाच नाय. पाव्हना म्हनून आला. पाव्हन्याला पाट द्यावा, पानी द्यावं, चार दिसांनी वाटंला लावावं. त्याच्याकडनं कामाची आशा कशाला धरता? तो कशाला काम करंल तुमच्या घरात?”

आणि चपला घालून ती गेली. मशीन चालू ठेवून आली होती.

इनाकीने हसू दाबायला तोंडावर हात धरला होता. मी त्याला नंतर सगळं समजावून सांगितलं तेव्हा त्याने ते वहीत लिहून घेतलं.

याचा परिणाम काय झाला, तर दुसऱ्या दिवशी जिजाताईला घरी बसवलं. कारण लिहिलं होतं, सूचनांचं पालन न करणे. क्रेगला काही झालं नाही. त्याचं होर्डिंग उभं होतं, ताईचं नव्हतं. रुचिता मॅडमनी धुण्याचं काम खोपोलीच्या बाजूच्या एका लाँड्रीला दिलं. तिसऱ्या दिवशी पांढऱ्या जर्सी गुलाबी होऊन आल्या, कारण कुणीतरी त्यांच्यात लाल टॉवेल टाकला होता. गोलकीपरचे हातमोजे आटून लहान मुलाचे झाले. क्वामे आपले कपडे पोतडीत टाकेना, तो इमारतीच्या नळाखाली बसून स्वतः घासायला लागला. एवढा मोठा माणूस नळाखाली उकिडवा बसलेला बघून दुसऱ्या दिवशी सुनील बसला, मग मिझो पोरं बसली. नळ दोनच. रांग लागली आणि सराव अर्धा तास उशिरा सुरू झाला. कोचने मालकाला फोन लावला. काय बोलला ते माहीत नाही. दहाव्या दिवशी मॅडमनी मला ताईच्या घरी पाठवलं.

धोंडीभाऊ ओट्यावर बसला होता. ताई आत तांदूळ निवडत होती. मी म्हणालो, “ताय, मॅडमनी बोलावलंय.”

“कोनाला?”

“तुला.”

“नाव घ्यून बोलावलं का, धोबीन म्हनून?”

“नाव घेऊन.”

तिने हातातलं सूप खाली ठेवलं. “कपडं वाळत घालाया पत्र्याचं छप्पर पायजे,” ती म्हणाली. “आन गवताच्या बायांना फिल्टरचा जार चालू ऱ्हायला पायजे. व्हनार आसंल तर सांग. तोंडी नको. कागद आन.”

मी निघालो तेव्हा तिने मागून हाक मारली. “मनोज. तू शिकलेला मानूस. दोनी बाजूंचं तुला येकट्याला कळत व्हतं. आन तूच लबाडी करीत व्हतास. त्या गोऱ्याचा मला राग नाय, त्याला कोनी शिकवलंच नाय. तुजा येतो.”

कागद आणून दिला, त्यावर मालकाची सही होती. दुसऱ्या दिवशी ताई कामावर आली.

क्रेग जानेवारीत गेला. घरगुती कारण, असं पत्रकात लिहिलं. विमानतळावर सोडायला मीच होतो. आत जाताना त्याने माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, “तू चांगला आहेस, मॅनी. या लोकांत तू एकटाच बोलायच्या लायकीचा.” मी म्हणालो, “माझं नाव मनोज.” तो म्हणाला, “हो हो, तेच,” आणि गेला.

दोन महिन्यांनी त्याची एक मुलाखत इंटरनेटवर आली, इंग्लिश खेळाडूंना परदेशात त्रास का होतो या विषयावर. तो म्हणाला, भारतात हवा वाईट, मैदान वाईट, जेवण वाईट, आणि कुणालाच इंग्रजी येत नाही. ज्या माणसाने चार महिने त्याच्याशी चोवीस तास इंग्रजीत बोलून त्याचे घेवड्याचे डबे संपले की मुंबईहून मागवून दिले, त्या माणसाने ही मुलाखत खालापूरच्या बसस्टँडवर उभं राहून ऐकली. समोर बसलेल्या प्रश्नकर्त्याने एकदाही विचारलं नाही, की तू तिथली भाषा किती शिकलास. त्यालाही ते सुचलं नसावं. तोही इंग्लिशच होता.

दहा नंबर सुनीलला मिळाला. संघ काही जिंकत सुटला नाही, खालून पाचवा आला. तेवढ्यावर मालकांनी पेढे वाटले.

पनवेलपलीकडच्या आमच्या स्टेडियममधल्या शेवटच्या मॅचला क्लबने जिजाताईला पुढच्या रांगेचा पास दिला. चार वर्षं कपडे धुऊन तिने एकही मॅच बघितली नव्हती. चांगलं लुगडं नेसून आली, धोंडीभाऊला घेऊन आली. मी शेजारी बसलो, समजावून सांगायला. पहिला अर्धा तास तिने सगळं नीट बघितलं. बावीस माणसं, त्यांच्या मागे पळणारा रेफरी, ओरडणारे हजारो लोक.

“एवढंच?” तिने विचारलं.

“एवढंच.”

“ह्याच्यासाठी त्या गोऱ्याला इमानात बसवून आनला व्हता?”

मी हो म्हणालो. तिने मैदानाकडे आणखी थोडा वेळ बघितलं, मग धोंडीभाऊला कोपराने ढोसलं. “चला हो. पनवेलवरनं चौकची गाडी सुटंल.”

मध्यंतरालाही अजून पाच मिनिटं होती. दोघं पायऱ्या चढून निघून गेली.